ॲम्बिशस: कौतुक, शंका की टोमणा?

संशोधनासाठी निधी मागणारा एक प्रस्ताव परत आला आहे अशी कल्पना करा. परीक्षकाच्या शेऱ्यातलं पहिलंच वाक्य आहे, ‘धिस इज ॲन ॲम्बिशस प्रपोजल.’ शाळेत पाठ केलेला अर्थ आठवतो: ॲम्बिशस म्हणजे महत्त्वाकांक्षी. वाचणारा सुखावतो. तीन परिच्छेद खाली गेल्यावर कळतं की निधी नाकारला आहे. त्याला वाटतं, सुरुवात तर कौतुकाने झाली होती, मग मध्येच काय बिघडलं? बिघडलं काहीच नाही. परीक्षकाने आपलं मत पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं होतं.

हा शब्द कठीण नाही, म्हणूनच फसवतो. कठीण शब्दासाठी आपण कोश उघडतो, ओळखीच्या शब्दासाठी उघडत नाही. आणि उघडला तरी कोश एका ओळीत मोकळा होतो: ‘महत्त्वाकांक्षी, उच्चाकांक्षी’. चूक नाही, पण अर्धंच. इंग्रजीत ॲम्बिशस हे विशेषण कोणत्या नामाला चिकटलं आहे आणि ते कोण कोणाबद्दल म्हणतंय, या दोन गोष्टी पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ हाती लागत नाही.

माणूस वेगळा, योजना वेगळी

आधी माणूस घेऊ. ‘ॲन ॲम्बिशस लॉयर’ म्हणजे जिला किंवा ज्याला पुढे जायचं आहे असा वकील. पद हवं असेल, पैसा हवा असेल, नाव हवं असेल, किंवा तिन्ही. हा शब्द इच्छेबद्दल बोलतो, कुवतीबद्दल नाही. ॲम्बिशस वकील हुशार असू शकते किंवा सुमारही असू शकते. मराठीत ‘महत्त्वाकांक्षी तरुणी’ म्हटलं की तिच्या अंगी काहीतरी असणार असं आपण नकळत धरून चालतो. इंग्रजी शब्द तसं काही वचन देत नाही.

आता योजना. योजनेला मन नसतं, तिला काही हवंसं वाटत नाही. मग ‘ॲन ॲम्बिशस प्लॅन’ म्हणजे काय? इथे हा शब्द एक अंतर सांगतो: करायचं ठरवलं आहे ते आणि आज हातात आहे ते, यांच्यामधलं. अंतर मोठं असेल तर योजना ॲम्बिशस. म्हणून ‘ॲम्बिशस टाइमटेबल’ म्हणजे भव्यदिव्य वेळापत्रक नव्हे. कामाच्या मानाने वेळ फार थोडा ठेवला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण चंद्राचं आहे. २५ मे १९६१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी तिथल्या संसदेपुढे सांगितलं की हे दशक संपण्याआधी माणसाला चंद्रावर उतरवून सुखरूप परत आणायचं. त्या दिवशी अमेरिकेच्या पदरी अंतराळप्रवासाचा अनुभव किती होता? ॲलन शेपर्ड यांचं एक उड्डाण, ५ मे रोजी झालेलं, सुमारे १५ मिनिटांचं. तेही वर जाऊन खाली येणं. पृथ्वीभोवती एक फेरीसुद्धा नाही. पृथ्वीला प्रदक्षिणा घालणारा पहिला अमेरिकी, जॉन ग्लेन, त्यानंतर नऊ महिन्यांनी म्हणजे फेब्रुवारी १९६२ मध्ये गेला. एकीकडे पंधरा मिनिटं, दुसरीकडे चंद्र. योजनेला ॲम्बिशस म्हणतात ते अशा अंतरासाठी. २० जुलै १९६९ ला माणूस चंद्रावर उतरला, आणि त्या यशाने मागे वळून त्या विशेषणाला सोन्याचा मुलामा दिला. मोहीम फसली असती तर इतिहासाच्या पुस्तकांत कदाचित त्याच योजनेपुढे ‘ओव्हरॲम्बिशस’ आलं असतं.

हे ‘ओव्हर’ माझ्या मते बहुतेकदा निकाल लागल्यावर जोडलं जातं. सिडनीच्या ऑपेरा हाऊसकडे पाहा. काम १९५९ मध्ये सुरू झालं तेव्हा खर्चाचा अंदाज ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होता आणि इमारत १९६३ पर्यंत उभी राहणार होती. ती खुली झाली १९७३ मध्ये, खर्च १० कोटी २० लाखांवर गेला, आणि वास्तुकार यॉर्न उट्झन १९६६ मध्येच काम सोडून निघून गेले होते. त्या साली कोणी या इमारतीला ओव्हरॲम्बिशस म्हटलं असतं तर त्याला खोडून काढणं अवघड होतं. आज तिला तसं म्हणायचं धाडस कोण करेल? २००७ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. इमारत तीच, खर्चाचे आकडे तेच. मधल्या काळात फक्त निकाल लागला.

एका ‘बट’ची गोष्ट

योजनेच्या बाबतीत या शब्दात शंका दडलेली असते, हे सिद्ध करायला कोश लागत नाही. इंग्रजी अहवालांत वारंवार येणारी एक जोडी पाहिली तरी पुरे: ‘ॲम्बिशस बट अचीव्हेबल’. तिची बहीण म्हणजे ‘ॲम्बिशस बट रिअलिस्टिक’. मधला ‘बट’ तिथे कशाला? ‘पण’ आपण तेव्हाच वापरतो जेव्हा पुढचा शब्द आधीच्या शब्दातून निघणाऱ्या समजुतीला छेद देतो. म्हणजे नुसतं ॲम्बिशस म्हटलं तर ऐकणारा ‘जमायचं नाही’ असं ऐकेल, ही भीती लिहिणाऱ्यालाच आहे. म्हणून तो आधीच खुलासा करून ठेवतो.

हीच शंका थोडी पुढे सरकली की टोमणा होतो. घर विकणाऱ्याने अवाच्या सवा किंमत सांगितली तर इंग्रज माणूस ‘द प्राइस इज अ बिट ॲम्बिशस’ एवढंच म्हणेल. महाग आहे असं तो म्हणाला नाही, तरी ते कळतं. ब्रिटनमध्ये थंडी सरायच्या आत कोणी अर्धी चड्डी घालून बाहेर पडला तर त्यालाही हेच विशेषण मिळतं. ‘अ बिट’ हे दोन छोटे शब्द दिसले की समजावं, समोरचा हसू दाबून बोलतोय.

समीक्षकांचीही एक आवडती जोडी आहे, ‘ॲन ॲम्बिशस फेल्युअर’. कलाकृती फसली, पण जे पेलायचा प्रयत्न केला ते मोठं होतं. यात निम्मा आदर असतो, आणि तो खरा असतो. सोपं काम नीट करून टाळ्या घेणाऱ्यापेक्षा अवघड काम करताना पडलेला बरा, असं मानणारे समीक्षक ही जोडी वापरतात. पहिल्याच कादंबरीला ‘ॲम्बिशस’ म्हटलं असेल तर मात्र पुढचं वाक्य वाचल्याशिवाय आनंद मानू नये. तिथे ते विशेषण दोन्हीकडे वळू शकतं.

मराठीत काय होतं? आपल्या वर्तमानपत्रांत ‘महत्त्वाकांक्षी प्रकल्प’ हा शब्दप्रयोग रूढ आहे आणि त्याचा अर्थ जवळजवळ नेहमी भव्य, प्रतिष्ठेचा, कोणीतरी मनावर घेतलेला असा असतो. शंकेला त्यात जागाच नसते. त्यामुळे इंग्रजी बातमीतला ‘ॲम्बिशस प्लॅन’ मराठीत ‘महत्त्वाकांक्षी योजना’ झाला की मूळ बातमीदाराने हळूच उंचावलेली भुवई गळून पडते. उलट दिशेने तर अधिक गंमत होते. आपल्याच कामाबद्दल इंग्रजीत ‘अवर मोस्ट ॲम्बिशस प्रोजेक्ट’ असं अभिमानाने लिहिलं जातं. सराईत इंग्रजी वाचक त्यातून अभिमान घेतोच, पण सोबत एक कबुलीही वाचतो: हे पार पडेलच असं नाही, हे यांनाही माहीत आहे.

मतांसाठी पायपीट

या शब्दात शंका आली कुठून, हे पाहायचं तर प्राचीन रोमला जावं लागतं. तिथे तर शंका सोडाच, खटलेच चालत.

लॅटिनमध्ये ‘ईरे’ म्हणजे जाणं. एक्झिट, ट्रान्झिट, सर्किट या शब्दांत तोच धातू आहे. त्याला ‘भोवती’ या अर्थाचा ‘अम्ब’ हा उपसर्ग लागला की ‘अम्बिरे’ होतं, म्हणजे भोवती फिरणं, चक्कर मारणं. आपल्याला घेरून असलेल्या वातावरणाला ‘ॲम्बियन्स’ म्हणतात तेही याच घरातलं. रोमन प्रजासत्ताकात दरवर्षी निवडणुका होत आणि पद हवं असलेला माणूस चौकाचौकातून फिरत मतं मागत असे. या फिरण्याला नाव होतं ‘अम्बिशिओ’. म्हणजे आज ज्याला आपण मनातली आकांक्षा समजतो, ती मुळात पायांनी करायची गोष्ट होती.

हे फिरणं रंगीत असे, किंवा खरं तर पांढरंशुभ्र. उमेदवार आपला टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं रोमन वस्त्र, खडूने घासून लखलखीत करत, कारण गर्दीत नजरेत भरायचं होतं. लॅटिनमध्ये अशा झळझळीत पांढऱ्याला ‘कॅन्डिडस’ म्हणतात, आणि इंग्रजीतला ‘कॅन्डिडेट’ त्यातूनच आला. सोबत एक गुलाम असे. त्याचं काम एकच: समोरून येणाऱ्या मतदाराचं नाव धन्याच्या कानात सांगायचं, म्हणजे धनी जुनी ओळख असल्यासारखा हात पुढे करणार. त्याला ‘नोमेन्क्लेटर’ म्हणत. इतक्या उघड नाटकाला मतदार भुलत असतील का? भुलत नसतीलही. पण आपल्यासाठी एवढी तयारी कोणी केली, याचं माणसाला बरं वाटतंच.

मत मागत फिरणं वैध होतं. पैसे वाटणं गुन्हा होता, आणि त्या गुन्ह्याचं नाव ‘अम्बिटस’, म्हणजे त्याच क्रियापदाचं दुसरं अपत्य. एकाच मुळातून निघालेले दोन शब्द, एक प्रचाराचा आणि एक लाचेचा, इतके शेजारी की सीमा कुठे हे ठरवायला रोमन लोकांना पुन्हा पुन्हा कायदे करावे लागले. इ.स.पू. ६३ मध्ये प्रसिद्ध वक्ता सिसेरो कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेला सर्वोच्च अधिकारी, असताना त्याच्या नावाने असा एक कायदा झाला आणि त्यात दहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा आली. मौज म्हणजे त्याच वर्षी मुरेना नावाचा पुढच्या वर्षासाठी निवडून आलेला कॉन्सल याच गुन्ह्यात अडकला. आरोप करणाऱ्यांत निवडणूक हरलेला प्रतिस्पर्धी होता आणि काटेकोर म्हणून प्रसिद्ध असलेला राजकारणी केटोही. मुरेनाचा बचाव करायला उभा राहिला खुद्द सिसेरो. मुरेना सुटला.

असा वास अंगाला लागलेला शब्द पुढे ख्रिस्ती जगात गेला. लॅटिन बायबलमध्ये प्रेमाचं वर्णन करणारा एक प्रसिद्ध उतारा आहे: प्रेम सहनशील असतं, दयाळू असतं, आणि अमुक नसतं, तमुक नसतं. त्या ‘नसतं’च्या यादीत ‘अम्बिशिओसा’ हा शब्द आहे. म्हणजे प्रेमात नसावा असा हा एक दुर्गुण. चौदाव्या शतकात फ्रेंचच्या वाटेने हा शब्द इंग्रजीत आला तो हे ओझं घेऊनच.

ते ओझं किती जड होतं हे शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये दिसतं. नाटक साधारण १५९९ चं. सीझरचा खून झाला आहे, आणि ब्रूटस लोकांना कारण देतो ते एका विशेषणाचं: सीझर ॲम्बिशस होता, म्हणून मी त्याला मारलं. लोकांना ते पटतं. मग सीझरचा मित्र अँटनी उभा राहतो. ॲम्बिशस असणं वाईट नाही, असं तो चुकूनही म्हणत नाही. शब्दाच्या अर्थाला तो हातच लावत नाही. तो फक्त पुरावे मांडत जातो. सीझरने युद्धकैदी आणले, त्यांच्या खंडणीने सरकारी तिजोरी भरली. हे ॲम्बिशस वाटलं का? गरीब रडले तेव्हा सीझरही रडला. तीन वेळा राजमुकुट पुढे केला, तीन वेळा त्याने नाकारला. आणि प्रत्येक पुराव्यानंतर तेच पालुपद: तरीही ब्रूटस म्हणतो तो ॲम्बिशस होता, आणि ब्रूटस तर सन्माननीय माणूस आहे. पालुपद जसजसं फिरून येतं तसतसा तो आरोप पोकळ होत जातो आणि ‘सन्माननीय’ या शब्दाचं शिवीत रूपांतर होतं. वक्तृत्वाचा नमुना म्हणून हे भाषण सगळीकडे शिकवलं जातं. मला त्यात रस आहे तो एका साध्या गोष्टीसाठी: त्या काळच्या प्रेक्षकाला ‘ॲम्बिशस होता’ हे खुनाचं कारण म्हणून ऐकताना विचित्र वाटत नव्हतं. आज हाच शब्द नोकरीच्या जाहिरातीत पात्रतेच्या अटींमध्ये बसतो.

हा प्रवास सरळ रेषेत झाला नाही. पण दिशा उघड आहे. जिथे जन्माने मिळालेली जागा हीच देवाने दिलेली जागा मानली जाई, तिथे वर सरकायची इच्छा म्हणजे बंडच. व्यापार, कारखाने, परीक्षा घेऊन भरल्या जाणाऱ्या नोकऱ्या, नव्या देशात जाऊन नव्याने सुरुवात करायची सोय, हे सगळं वाढत गेलं तशी तीच इच्छा कामाची ठरू लागली. जुना वास मात्र पुरता गेला नाही.

खरं म्हणजे ही गाठ सिसेरोच्या काळापेक्षाही जुनी आहे. इ.स.पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रात मानाची आवड असलेल्या माणसाबद्दल लिहिलं आहे. त्याचं निरीक्षण असं की अशा माणसाला आपण कधी मर्दानी, उमदा म्हणून नावाजतो, तर कधी हावरा म्हणून दूषण देतो. ज्याला मानाची पर्वा नाही त्याचंही तसंच: कधी तो संयमी ठरतो, कधी नेभळट. मग योग्य प्रमाण कोणतं? ॲरिस्टॉटल म्हणतो, मधल्या स्थितीला नावच नाही. आणि जागा रिकामी असल्यामुळे दोन्ही टोकं तिच्यावर हक्क सांगत भांडतात. जर्मन भाषेने एक बाजू घेऊन टाकली: तिथे महत्त्वाकांक्षेला ‘एरगाइत्स’ म्हणतात, शब्दशः मानाची हाव. इंग्रजीने दोन्ही अर्थ एकाच शब्दात कोंबले आणि निवड बोलणाऱ्यावर सोडली.

कोण, कोणाबद्दल

म्हणून माणसाच्या बाबतीत बोलणारा कोण, हे बघावंच लागतं. मुलाखतीत उमेदवार स्वतःबद्दल ‘आय ॲम ॲम्बिशस’ म्हणतो तेव्हा ते गुणवर्णन. वरिष्ठ शिफारसपत्रात लिहितो तेव्हाही बहुधा गुणच, पण त्या पत्रात ॲम्बिशस आहे आणि ‘टॅलेन्टेड’ किंवा ‘कॅपेबल’ कुठेच नाही, तर अनुभवी वाचक दोनदा विचार करतो. सहकारी चहाच्या वेळी दुसऱ्या सहकाऱ्याबद्दल आवाज खाली करून ‘ही इज व्हेरी ॲम्बिशस’ म्हणतो तेव्हा ती सूचना असते: जपून राहा.

स्त्रियांच्या बाबतीत हे विशेषण आणखी वेगळं वागतं. पुरुषाला ॲम्बिशस म्हटलं की वाक्य संपतं. बाईला म्हटलं की पुष्कळदा एक न लिहिलेलं शेपूट मागे राहतं, जणू तिने कोणाच्या तरी वाट्याचं घेतलं आहे. इंग्रजी लिहिणारे हल्ली याबद्दल सावध झाले आहेत, आणि अनेक जणी मुद्दाम हा शब्द स्वतःला लावून घेतात. अनुवाद करणाऱ्याने इथे कान टवकारून राहावं; ‘महत्त्वाकांक्षी’ या शब्दालाही मराठीत तेच शेपूट कधी कधी असतं.

क्रियाविशेषणं तर सगळं सांगून टाकतात. ‘रूथलेसली ॲम्बिशस’ म्हणजे आड येणाऱ्याला तुडवून जाणारा. ‘नेकेड ॲम्बिशन’ म्हणजे झाकायची लाजही न उरलेली हाव. ‘सोशली ॲम्बिशस’ माणूस वरच्या वर्तुळातल्या आमंत्रणांसाठी धडपडतो. याउलट ‘क्वाएटली ॲम्बिशस’ हे स्वच्छ कौतुक आहे: गाजावाजा न करता मोठं काही करू पाहणारा. आणि पुस्तकाला ‘इन्टलेक्चुअली ॲम्बिशस’ म्हटलं तर लेखकाने पार्टी द्यायला हरकत नाही.

भाऊबंद

‘ॲस्पायरिंग’ आणि ‘ॲम्बिशस’ यांची अदलाबदल सर्रास होते, आणि ती खरोखर महागात पडू शकते. ‘ॲन ॲम्बिशस डॉक्टर’ ही डॉक्टर आहे आणि तिला आणखी वर जायचं आहे. ‘ॲन ॲस्पायरिंग डॉक्टर’ अजून डॉक्टर झालेलीच नाही. वीस वर्षं अभिनय करणाऱ्याला परिचयपत्रात ‘ॲस्पायरिंग ॲक्टर’ म्हणालात तर तो दुखावेल, आणि त्याचं बरोबर असेल. मराठीत याला जवळचा शब्द आपल्याकडे आहे: होतकरू. होऊ घातलेला, अजून न झालेला. होतकरूमध्ये बोलणाऱ्याचा आशीर्वादही असतो, तो इंग्रजी शब्दात नाही. ॲस्पायरचा लॅटिन अर्थ एखाद्या गोष्टीकडे श्वास सोडणं. इन्स्पायर आणि एक्स्पायर त्याच श्वासातून आले.

‘ॲस्पिरेशनल’ वेगळाच. जाहिरातवाल्यांच्या भाषेत हे वस्तूचं विशेषण आहे: आपण ज्या राहणीमानात नाही पण असावंसं वाटतं, त्याची खूण म्हणून जी वस्तू घेतली जाते ती. सरकारी आणि आंतरराष्ट्रीय कागदपत्रांत मात्र त्याचा अर्थ पार कोरडा आहे. ‘ॲस्पिरेशनल गोल’ म्हणजे इच्छा आहे, बंधन नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानसेवेतलं निव्वळ कार्बन उत्सर्जन २०५० पर्यंत शून्यावर आणण्याचं ध्येय ठरवलं, आणि त्याच्या नावातच ‘ॲस्पिरेशनल’ हा शब्द घातला. तो तिथे शोभेसाठी नाही. एखाद्या देशाने ते पाळलं नाही तर जाब विचारायची सोय त्यात नाही, असं तो शब्द सांगतो.

‘लॉफ्टी’ उंचीचा शब्द आहे. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेत आकाशाला, हवेला आणि माडीला जो शब्द होता त्यातून हा आला. ‘लॉफ्ट’ आणि ‘लिफ्ट’ त्याचेच नातेवाईक. ‘लॉफ्टी आयडियल्स’ म्हणजे उदात्त आदर्श. पण त्यात जमिनीपासून सुटल्याचा भाव पटकन शिरतो, आणि माणसाला लावला तर तो बहुधा तुच्छतेने खाली पाहणारा असतो. ‘हाय-फ्लाइंग’ आणि ‘हाय-फ्लोन’ मध्ये थोडासाच फरक वाटतो, पण पहिलं यशस्वी माणसाला लागतं आणि दुसरं अलंकारांनी फुगलेल्या भाषेला.

जिथे ॲम्बिशस मोजता येतं

हवामानबदलाच्या वाटाघाटींत या शब्दाने एक तांत्रिक रूप घेतलं आहे, आणि बातम्या वाचणाऱ्याला ते माहीत असलेलं बरं. डिसेंबर २०१५ मध्ये झालेल्या पॅरिस करारात म्हटलं आहे की प्रत्येक देशाचं पुढचं उद्दिष्ट आधीच्यापेक्षा पुढे गेलेलं असावं आणि त्यात त्या देशाची ‘हायेस्ट पॉसिबल ॲम्बिशन’ दिसावी. त्या परिषदेत मार्शल बेटांचे परराष्ट्रमंत्री टोनी डी ब्रम यांच्या पुढाकाराने अनेक देशांचा एक गट पुढे आला, त्याचं नावच ‘हाय ॲम्बिशन कोअलिशन’. समुद्रसपाटीपासून जेमतेम वर असलेल्या देशाने हे नाव पुढे करावं, यात वक्तृत्व कमी आणि निकड जास्त होती.

या भाषेत ॲम्बिशन ही भावना नाही, मात्रा आहे. ती वाढवता येते, कमी पडते, दोन देशांची तुलना करता येते. ‘मोर ॲम्बिशस टार्गेट’ म्हणजे उत्सर्जनात अधिक कपात, बस्स. इथे टोमणा नाही, स्तुतीही नाही. या बातमीचं मराठी करताना ‘अधिक महत्त्वाकांक्षी उद्दिष्ट’ लिहिलं की वाचकाला वाटतं देशाने काही भव्य स्वप्न पाहिलं. ‘अधिक कडक उद्दिष्ट’ किंवा सरळ ‘जास्त कपातीचं उद्दिष्ट’ हे मला जास्त प्रामाणिक वाटतं.

राहिलं व्याकरण आणि उच्चार. ‘ॲम्बिशस फॉर’ नंतर माणूस आला तर त्या माणसाने पुढे जावं अशी इच्छा: ‘शी इज ॲम्बिशस फॉर हर चिल्ड्रन’ म्हणजे मुलांनी मोठं व्हावं असं तिला वाटतं, मुलं हवीत असं नव्हे. ‘ॲम्बिशस टू’ नंतर क्रियापद येतं, पण ते आता थोडं पुस्तकी वाटतं. बोलताना लोक ‘हॅज ॲन ॲम्बिशन टू’ म्हणतात. ‘ॲम्बिशस ऑफ’ जुन्या पुस्तकांत भेटेल, आपण लिहू नये. उलट अर्थासाठी ‘अनॲम्बिशस’ आहे, पण तो माणसाला लावला तर लागतो. योजनेसाठी ‘मॉडेस्ट’ हा सभ्य शब्द आहे. आणि उच्चार तीन तुकड्यांचा: ॲम्-बि-शस, जोर मधल्या ‘बि’वर. आपल्याकडे पुष्कळ जण त्यात एक ‘इ’ वाढवून ‘ॲम्बिशिअस’ म्हणतात. बहुधा स्पेलिंगमधला ‘आय’ डोळ्यांना दिसतो म्हणून तसं होत असावं. पण ‘कॉशस’ म्हणताना आपण तो वाढीव ‘इ’ लावत नाही, तेव्हा इथेही लागत नाही.